गाठ, गळू आणि अवधण

शरीरावर अचानक उठणाऱ्या उंचवट्यांना मराठीत किती नावं आहेत, ते आज मला तुमच्यासमोर मांडायचं आहे. दवाखान्यात येणारा माणूस हल्ली बहुतेक वेळा दोनच शब्द घेऊन येतो, ‘गाठ’ नाहीतर ‘पिंपल’. पुढचं सगळं मग विचारून विचारून काढावं लागतं. जुन्या माणसांचं तसं नव्हतं. ती नाव सांगत आणि त्या नावातच अर्धी हकिकत येई.

टेंगूळ घ्या. टेंगूळ म्हटलं की मार लागलाय, हे वेगळं सांगावं लागत नाही. कातडीखाली रक्त आणि पाणी साकळतं. खाली लगेच हाड असलं की त्याला आत पसरायला वाव नसतो, म्हणून ते वर टरारून येतं. कपाळावर टेंगूळ येतं आणि पोटावर येत नाही, ते यामुळेच. गांधीचं कारण निराळं. किडा चावला किंवा अंगावर पित्त उठलं की गांधी उठतात. त्या लालसर, चपट्या असतात आणि त्यांना खाज सुटते. एकेक गांधी साधारण 24 तासांच्या आत विरते आणि तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. त्यामुळे ‘सकाळी हातावर होतं, आता मांडीवर आहे’ असं कुणी सांगितलं, तर ते गळू नव्हे हे न बघताही कळतं.

काही नावांत जागाच सांगितलेली असते. रांजणवाडी पापणीच्या कडेलाच होते. नखुरडं नखाच्या कडेला होतं. केस्तूड केसाच्या मुळाशी जंतू शिरून होतं, आणि केस हा शब्द तर नावातच बसलाय. काळपुळी मात्र जपून वापरायचा शब्द आहे. तिच्यात शेजारशेजारच्या अनेक केसांची मुळं एकत्र पिकतात आणि वर एकाऐवजी चारपाच तोंडं दिसतात. मधुमेह असलेल्यांना ती विशेष होते. त्यामुळे काळपुळी म्हटलं की रक्तातली साखर तपासायलाच हवी. चामखीळ, कुरूप, घट्टा यांबद्दल थोडक्यात सांगतो. चामखीळ विषाणूमुळे येते. कुरूप आणि घट्टा दाब आणि घर्षणातून होतात, म्हणून चप्पल बदलली नाही तर कापलेलं कुरूप परत येतं.

माझा सगळ्यात आवडता शब्द अवधण. तरुण मंडळींपैकी किती जणांनी तो ऐकलाय, कोण जाणे. पायाला ठेच लागते, जखम चिघळते आणि दोनतीन दिवसांनी जांघेत एक दुखरा गोळा हाताला लागतो. माणूस घाबरतो. पायाचं पायापाशी, हे जांघेत काय आलं? तिथं लसिका ग्रंथी असतात. पायाच्या जखमेतून वर निघालेले जंतू त्या अडवतात आणि त्या झटापटीत सुजतात. हाताला जखम असेल तर हेच काखेत होतं. अशा सुजेला अवधण म्हणतात. हा शब्द माहीत असलेली आजी नातवाच्या जांघेकडे फार वेळ बघत बसत नाही. ‘पाय दाखव रे’ म्हणते आणि बोटांच्या बेचक्यातली जखम शोधून काढते. आम्हाला शिकवतात तेही हेच: ग्रंथी सुजली की ती ज्या भागाची राखण करते तो भाग आधी तपासा.

नावांइतकीच क्रियापदंही नेमकी आहेत. पुरळ उठतं. सूज चढते आणि उतरते. ताजा फोड हुळहुळतो, भाजलेलं चुरचुरतं, नखुरडं ठणकतं. गळू आधी दडस, म्हणजे घट्ट आणि कच्चं असतं, मग ठसठसायला लागतं, मग पिकतं, तोंड धरतं आणि फुटतं. ‘ठसठसतंय’ या एका शब्दात आत पू साठतोय, दाब वाढतोय आणि नाडीच्या ठोक्यागणिक कळ येतेय, एवढं सगळं येतं. पिकलेलं गळू जवळून पाहा. भोवती लाली असते, मध्ये कातडी ताणून चकचकीत आणि पातळ झालेली असते, टोकाला पिवळट ठिपका दिसतो आणि बोटाखाली ते लिबलिबीत लागतं. सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम (कच्ची), पच्यमान (पिकत असलेली) आणि पक्व (पिकलेली) अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली तशीच सोडणारा, अशा दोन्ही वैद्यांना तिथं सारख्याच कठोर शब्दांत फटकारलं आहे. गळू पिळू नका, असं आम्ही आजही सांगतो. कच्चं गळू पिळलं की पू बाहेर येण्याऐवजी आत पसरतो.

आता ‘गाठ’ या शब्दाकडे येतो. या शब्दाची भीती जुनी आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा मराठीत त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. जांघेत किंवा काखेत गाठ आणि सडकून ताप, ही त्याची खूण होती. प्लेगची ती धास्ती सरली आणि तिची जागा कर्करोगाने घेतली. आज ‘गाठ आहे’ एवढं ऐकलं तरी घरात सुतकी शांतता पसरते. खरं तर कातडीखालची मऊ, बोटाने सरकणारी, वर्षानुवर्षं तेवढीच राहिलेली गाठ बहुधा चरबीची असते. आपण तिला आवाळू म्हणतो. आवाळू म्हटलं की निम्मी भीती जाते, आणि ती जायलाच हवी.

दुसऱ्या बाजूला ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे वाक्य मला फार अस्वस्थ करतं. गळू दुखतं, अवधण दुखतं. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. कितीतरी बायका ती गाठ महिनोनमहिने कुणाला सांगत नाहीत. ‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत म्हणतो, पण त्या संकोचापायी हातचे महिने जातात. तेव्हा सांगताना नुसतं ‘गाठ’ म्हणून थांबू नका. कुठे आहे, कधीपासून आहे, वाढतेय का, दगडासारखी कडक लागते की मऊ, बोटाने सरकते की जागीच रुतून बसलीय, हे तुमच्या घरच्या शब्दांत सांगा. नवी गाठ दोनतीन आठवड्यांत विरली नाही, तर ती दुखो न दुखो, दाखवून घ्या. स्तनातली गाठ असेल तर तेवढंही थांबू नका.