सूर्य मावळायच्या आत

श्रोतेहो, नमस्कार.

बायबलमधल्या न्यायाचा विषय निघाला की बहुतेकांना दहा आज्ञा आठवतात, नाहीतर शलमोन राजापुढे एकाच बाळावर हक्क सांगणाऱ्या त्या दोन बायका. मला आज एका पांघरुणाबद्दल बोलायचं आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात, २६ आणि २७ या वचनांत, एक छोटा नियम आहे. शेजाऱ्याचं वस्त्र गहाण ठेवून घेतलं असेल, तर सूर्य मावळायच्या आत ते त्याला परत द्यावं. कारणही तिथेच सांगितलंय: त्याच्याकडे तेवढंच पांघरूण आहे, तो रात्री काय घेऊन निजणार? आणि पुढे देव म्हणतो, त्याने माझ्याकडे गाऱ्हाणं केलं तर मी ते ऐकेन, कारण मी दयाळू आहे.

त्या काळच्या गरिबाचं हे वस्त्र दिवसा अंगावर असायचं आणि रात्री पांघरायला. म्हणून नियमशास्त्राने, म्हणजे बायबलमधल्या या जुन्या नियमांनी, इथे नुसतं ‘दया करा’ म्हटलेलं नाही, वेळ ठरवून दिली. संध्याकाळ झाली की वस्त्र मालकाच्या घरी पोचलं पाहिजे.

बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात हाच धागा आणखी पुढे जातो. जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ती घेतली की त्या घरात दळण होणार नाही. कर्ज दिलंय म्हणून कर्जदाराच्या घरात शिरू नये. बाहेर उभं राहावं, तो स्वतः वस्तू घेऊन बाहेर येईल. हे बाहेर उभं राहणं मला फार मोलाचं वाटतं. आत त्याची बायकामुलं आहेत, आतल्या भांड्याकुंड्यांवर सावकाराची नजर फिरली की माणूस मुलांदेखत लहान होतो. कर्ज खरं असेल, रक्कम खरी असेल, तरी उंबरठा ओलांडायचा हक्क त्यातून मिळत नाही. आज वसुलीसाठी दारात माणसं पाठवली जातात, रात्री-अपरात्री फोन येतात, कर्जदाराच्या नातेवाइकांना आणि साहेबांना फोन करून त्याची लाज काढली जाते. असे पैसे कमावणाऱ्या धंद्यात कुणी श्रद्धाळू माणूस भागीदार असेल, तर त्याने हे वचन एकदा मोठ्याने वाचावं.

त्याच अध्यायात मजुरीचाही नियम आहे. गरीब मजूर आपल्यातला असो की परदेशी, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची. का, तर त्याचा जीव तिच्यात लागलेला असतो.

आता एक खरी हकीकत सांगतो. १९६० साली इस्राएलच्या समुद्रकिनाऱ्याजवळ, मेसाद हशाव्याहू या जुन्या किल्ल्याच्या जागी, योसेफ नावेह या संशोधकाला मडक्याच्या खापरावर शाईने लिहिलेला एक इब्री अर्ज सापडला. तो इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातला आहे. अर्ज एका कापणी करणाऱ्या मजुराचा आहे आणि तिथल्या अधिकाऱ्याला उद्देशून आहे. मजूर म्हणतो, मी कापणी केली, माप पुरं केलं, धान्य कोठारात भरलं, आणि तरी होशायाहू नावाच्या माणसाने येऊन माझं वस्त्र नेलं. माझे सगळे भाऊ माझ्या बाजूने साक्ष देतील, माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे भाऊ. माझा दोष नाही. माझं वस्त्र मला परत द्या.

अधिकाऱ्याने काय केलं, ते त्या खापरावर नाही. मजुराने कुठलं वचनही उद्धृत केलेलं नाही. पण त्याने आधार कशाचा घेतला ते पाहा. ‘माझे भाऊ साक्ष देतील’ हे तो एकदा म्हणतो आणि पुन्हा म्हणतो. त्याच्याकडे कागद नाही, ओळखपाळख नाही. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उन्हात राबलो ते बोलतील, एवढाच त्याचा भरवसा.

मंडळी, म्हणजे आपला चर्चचा समुदाय, म्हणजे नेमकं काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे खापर पुढे करेन. आपण एका छताखाली प्रार्थना करतो, सणासुदीला भेटतो, दुःखात जेवणाचा डबा पोचवतो. हे सगळं चांगलंच आहे. पण आपल्यातल्या एकाचं वस्त्र कुणी नेलं, म्हणजे पगार अडवला, खोटा आळ घेतला, कामावरून काढून टाकलं, तर आपण त्याच्या बाजूला उभं राहून खरं काय ते सांगतो का? बहुतेक वेळा सांगत नाही. आपलीही नोकरी त्याच मालकाकडे असते. भीती खोटी नाही, घर चालवणाऱ्या माणसाला ती असणारच. पण लेवीय या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाचं पहिलंच वचन सांगतं, की पाहिलेलं किंवा माहीत असलेलं साक्षीच्या वेळी जो सांगत नाही, तो दोषी आहे. एकट्याने बोलायची भीती वाटत असेल तर दहा जणांनी मिळून बोलावं. त्यासाठीच तर मंडळी असते.

साक्षीची दुसरी बाजूही शास्त्रात आहे आणि ती भयंकर आहे. नाबोथ नावाच्या माणसाच्या द्राक्षमळ्यावर इस्राएलच्या अहाब राजाची नजर गेली, तेव्हा त्याच्या राणीने, ईजबेलीने, तलवार उपसली नाही. तिने गावच्या वडीलजनांना पत्र पाठवून उपास जाहीर करवला, लोकांची सभा भरवली आणि दोन खोटे साक्षीदार बसवले. बाहेरून सगळं नियमाप्रमाणे आणि धार्मिकसुद्धा. नाबोथाला दगडमार झाला आणि मळा राजाला मिळाला. त्या गावचे वडीलजन आणि प्रतिष्ठित माणसं पत्र वाचून गप्पच राहिली नाहीत, त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. म्हणूनच निर्गमाच्या २३व्या अध्यायात बजावलंय, की पुष्कळ लोक दुष्टाई करायला निघाले तरी त्यांच्यामागे जाऊ नको. आणि तिथेच हेही आहे, की वादात गरिबाचा तो गरीब आहे म्हणून पक्ष घेऊ नको. साक्ष म्हणजे साक्ष, जे पाहिलं तेवढंच.

पांघरुणाकडे पुन्हा येऊ, कारण आमोस संदेष्टा तिथेच बोट ठेवतो. आमोस तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या फळांची निगा राखणारा. यराबाम राजाच्या काळात तो उत्तरेला बेथेल या उपासनेच्या ठिकाणापर्यंत गेला. त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आरोप आहे, की हे लोक गहाण घेतलेल्या वस्त्रांवर प्रत्येक वेदीजवळ आडवे होतात. डोळ्यांपुढे आणा: वेदी आहे, उपासना चालू आहे, आणि खाली अंथरलंय ते कुणाचं तरी पांघरूण, जे संध्याकाळी परत जायला हवं होतं. गरीब माणूस तिकडे थंडीत कुडकुडतोय. याजक अमस्याने आमोसाला सांगितलं, इथून जा, तुझ्या देशात जाऊन संदेश दे. असं बोलणाऱ्याला तेव्हाही वेदीजवळ जागा नव्हती.

आज मजुराची मूळ कागदपत्रं मालकाच्या कपाटात असतात. कुणाचा पासपोर्ट अडकलेला असतो, कुणाचा एक महिन्याचा पगार ‘तू सोडून जाशील म्हणून’ राखून ठेवलेला असतो. घर सोडून वर्ष झालं तरी भाडेकरूची अनामत परत येत नाही. आणि ती अनामत दाबून ठेवणारा हात रविवारी दानपेटीत नोट टाकतो. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो, की तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. पाळकांनी हे वचन उपदेशात घ्यावं, मजूर समोर बसलेले असताना घ्यावं आणि मालक समोर बसलेले असतानाही घ्यावं. थंडीत ब्लँकेट वाटप होतं, फोटो निघतात. घ्यायला रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कुणाचा पगार वाटणाऱ्याकडेच थकला असेल, तर आधी तो पगार द्यायला हवा. ब्लँकेट तो स्वतः विकत घेईल.

अडकवलेलं असं परत दिलं गेल्याचं वर्णन नहेम्या या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. नहेम्या हा तिथला अधिकारी. यरुशलेमेचा कोट बांधणं चालू होतं. दुष्काळ होता, राजाच्या करासाठी कर्ज काढावं लागत होतं, शेतं गहाण पडली होती, मुलंमुली दास्यात जात होती, आणि सावकार परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते. लोक आणि त्यांच्या बायका ओरडत पुढे आल्या. नहेम्याला राग आला, त्याने मनाशी विचार केला आणि मोठी सभा बोलावली. सभेत त्याने मान्य केलं, की मी, माझे भाऊ आणि माझे चाकरही लोकांना पैसा आणि धान्य उसनं देत आहोत. मग तो म्हणाला, हे आपण सोडून देऊ, आणि त्यांची शेतं, मळे, जैतुनाच्या बागा, घरं आजच्या आज परत करा. ते हो म्हणाले. नहेम्याने तेवढ्यावर समाधान मानलं नाही. याजकांना बोलावून त्यांच्यादेखत शपथ घ्यायला लावली. त्यानंतर सगळी सभा ‘आमेन’ म्हणाली, परमेश्वराचं स्तवन झालं, आणि लोकांनी दिलेला शब्द पाळला. नहेम्याने बारा वर्षं अधिकारी म्हणून मिळणारा भत्ताही घेतला नाही, कारण लोकांवरचा भार आधीच फार होता.

नमस्कार.