निघून गेलेल्यांचा मुलूख

श्रोतेहो, नमस्कार.

स्पेन म्हटलं की आपल्याला बार्सिलोना आठवतं, माद्रिद आठवतं, फुटबॉल तर आठवतोच. सहल कंपन्यांच्या बसही त्याच ठरलेल्या वाटेने पळतात. आज मी तुम्हाला माद्रिदहून नैऋत्येला, पोर्तुगालच्या सीमेकडे नेणार आहे. एस्त्रेमादुरा हे त्या प्रदेशाचं नाव. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा आणि लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास. एकट्या नाशिक शहरात याहून जास्त माणसं राहतात! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुटक्या, डेरेदार ओकची विरळ राई, खाली पडलेली त्यांची फळं हुंगत फिरणारी काळी डुकरं, मधूनच एखादा मेंढ्यांचा कळप. माणूस मात्र बराच वेळ दिसत नाही.

माणसांची उणीव करकोचे भरून काढतात. चर्चचा मनोरा असो की विजेचा खांब, वर काटक्यांचं टोपलीएवढं घरटं असतंच. या पक्ष्याला धड आवाज नाही. जोडीदार घरट्यावर उतरला की दोघंही माना मागे टाकतात आणि आपापल्या चोचीचे वरचा-खालचा भाग एकमेकांवर आपटतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकून वर पाहिलं. भर चौकात कुणीतरी चिपळ्या वाजवतंय असंच वाटलं! स्पेनमध्ये म्हण आहे, सान ब्लासच्या दिवशी करकोचा दिसणार. या संताचा हा दिवस 3 फेब्रुवारीचा. आफ्रिकेला गेलेले पक्षी त्या सुमाराला परततात म्हणून. आता त्यातले बरेचसे जातच नाहीत, हिवाळाभर इथेच राहतात. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथली माणसं मात्र पिढ्यानपिढ्या जात राहिली. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस इथल्या मेदेयीनचा. अमेझॉन नदी उतरून समुद्र गाठणारा ओरेयाना त्रुहियोचा. आणि पेरूतलं इंका साम्राज्य बुडवणारा फ्रान्सिस्को पिझारो, तोही त्रुहियोचाच. आज हे गाव दगडी, शांत, चढावर वसलेलं. चौकात पिझारोचा घोड्यावरचा पुतळा आहे. लोक त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात. मला तो पुतळा फारसा बघवला नाही. याच पिझारोने 1532 मध्ये इंका राजा अताहुआल्पाला पकडलं, खंडणी म्हणून खोलीभर सोनं घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला मारूनही टाकलं.

तुम्ही त्याच चौकाच्या कोपऱ्यावरचा वाडा बघा. कोपऱ्यातच काढलेली गॅलरी, वर घराण्याचं भलंमोठं चिन्ह आणि बाजूला कोरलेले चार चेहरे. एक पिझारोचा, एक त्याच्यापासून मूल झालेल्या इंका राजकन्येचा. तिसरा त्यांच्या मुलीचा, फ्रान्सिस्काचा. आणि चौथा तिच्या नवऱ्याचा, जो तिच्या वडिलांचा सावत्र भाऊ, म्हणजे तिचा काकाच होता. पेरूची संपत्ती घराबाहेर जाऊ नये एवढाच त्या लग्नाचा अर्थ असावा, असं मला वाटतं. पेरूमध्ये जन्मलेली ती मुलगी या दगडी गावात कुणाशी काय बोलत असेल?

तिकडून सोन्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि ती सोन्यापेक्षा टिकली. मिरची! इथले लोक सांगतात, कोलंबसने आणलेलं बी आधी ग्वादालुपेच्या मठातल्या साधूंना मिळालं. खरंखोटं देव जाणे. पण उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी ला वेरा नावाचा पट्टा आहे, तिथे ही मिरची अशी काही रुजली की आज तिथल्या लाल भुकटीचं, पिमेंतोनचं, नाव जगभरच्या स्वयंपाकघरांत आहे. गंमत वाळवण्यात आहे. मिरची तोडायची शरद ऋतूत, आणि ला वेरात नेमका तेव्हाच पाऊस. आपल्यासारखं अंगणात चटईवर वाळवण घालायची सोयच नाही. मग त्यांनी दुमजली कोठारं बांधली. खाली ओकच्या लाकडाची मंद धुनी, वर फळ्यांमध्ये फटी ठेवून केलेला माळा, त्यावर मिरच्यांचा थर. दहा-पंधरा दिवस धूर खालून वर झिरपत राहतो आणि रोज कुणीतरी वर चढून तो थर हाताने उलटापालटा करतं.

ऑक्टोबरात त्या गावांतून गाडीची काच खाली करून जावं. आपल्याकडे मिरची कांडायच्या डंकासमोरून जाताना ठसका लागतो, तसलं काही नाही. जुन्या चुलीच्या घरात शिरल्यासारखा गोडसर, जड वास येतो आणि अंगावरच्या कपड्यांत दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. सकाळी खाणावळीत ‘मिगास’ मागवा. शिळ्या पावाचा कुस्करा, पाणी शिंपडून मऊ केलेला, तेलात लसूण आणि ही मिरची घालून परतलेला. मेंढपाळांचं खाणं. माझ्या पुढ्यात ताटली आली आणि मी मनात म्हटलं, अहो, ही तर आपली फोडणीची पोळी! आपल्याकडेही मिरची त्याच अमेरिकेतून आली, फक्त पोर्तुगीजांच्या जहाजातून, गोव्यामार्गे. तिथे धुरात वाळली, इथे उन्हात.

जिथून सगळे निघून जात होते, तिथे एक माणूस मात्र उलट दिशेने आला. आणि तो साधासुधा नव्हता. पाचवा चार्ल्स, पवित्र रोमन सम्राट, अर्ध्या युरोपचा आणि अमेरिकेतल्या नव्या मुलखाचा धनी. संधिवाताने इतका जेरीस आला की एकेक करत सगळी सिंहासनं त्याने सोडली आणि 1556 च्या नोव्हेंबरात डोंगर ओलांडून ला वेराकडे निघाला. घोड्यावर बसवत नव्हतं. तोर्नावाकास गावापासूनच्या अवघड वाटेवर लोकांनी त्याला उचलून आणलं. ती पायवाट आजही आहे, हारांदियापर्यंत जवळजवळ 28 किलोमीटर. चालायला दिवस मोडतो, गुडघे बोलायला लागतात, पण ओढे आणि चेस्टनटची झाडं सोबत करतात. हारांदियाच्या गढीत तो पाहुणा म्हणून राहिला, कारण युस्तेच्या मठाला लागून त्याच्यासाठी चाललेलं घराचं काम पुरं व्हायचं होतं. घरी राहायला गेला तो दिवस कोणता? 3 फेब्रुवारी 1557. करकोच्यांचा दिवस!

ते घर बघून तुम्ही चकित व्हाल, म्हणजे ते किती लहान आहे ते पाहून. मोजक्या खोल्या. निजायची खोली अशी बांधलेली की पलंगावरून थेट चर्चची वेदी दिसावी. खाली तळं, त्यात मासे. सम्राटाला बसल्याबसल्या गळ टाकता यावा म्हणून. सोबत त्याचा घड्याळजी होता, कारण घड्याळांचं त्याला वेड. दीड वर्षाहून थोडा अधिक काळ तो इथे राहिला आणि 21 सप्टेंबर 1558 रोजी हिवतापाने गेला. डास बहुधा त्या तळ्यातलेच. पुढे मुलाने त्याचा देह माद्रिदजवळच्या एस्कोरियालच्या राजमठात नेला, तेव्हा तोही इथून गेलाच.

युस्तेहून दक्षिणेला उतरलात की मोनफ्राग्वेचं राष्ट्रीय उद्यान. ताहो नदी इथे खडकाच्या भिंती कापत जाते. सगळे रस्त्याच्या कडेला थांबून वर बघतात. तुम्ही जरा दम काढून वरच्या पडक्या किल्ल्यावर जा. तिथून गिधाडं डोळ्यांच्या पातळीवर येतात, कधी पायांखालून जातात आणि तुम्हाला त्यांची पाठ दिसते. गिधाडाची पाठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपत आली, 2006 मध्ये भारताने ते जनावरांसाठी बंद केलं. आणि 2013 मध्ये स्पेनने त्याच औषधाला परवानगी दिली. शहाणे म्हणवणारे देशही दुसऱ्याच्या ठेचेने शहाणे होत नाहीत, दुसरं काय.

त्याच ताहो नदीवर वरच्या अंगाला वाल्देकान्यासचं धरण आहे, 1963 चं. धरणाच्या पाण्याखाली एक गाव गेलं. तिथल्या रोमन देवळाचे खांब तेवढे काढून वर काठावर उभे केले. ग्वादालपेरालची पाच हजार वर्षांहून जुनी पाषाणवर्तुळं मात्र तशीच बुडाली. 2019 च्या दुष्काळात पाणी इतकं आटलं की शंभराहून जास्त शिळा पुन्हा उघड्या पडल्या. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ बघायला आपण जसे लोटतो, तसे तिथेही लोक लोटले.

शेवटी ग्रानादिया. जाताना एक सांगते, दुपारी दोन ते पाच कुठल्याही गावात पोचू नका. आम्ही पोचलो, आणि ऑगस्टच्या चाळीस अंशांत घोटभर पाण्यासाठी बंद दारं बघत फिरलो. ग्रानादिया तटबंदीचं गाव, टोकाला देखणा किल्ला. दुसऱ्या एका धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून 1955 मध्ये सरकारने ते ताब्यात घेतलं, साठच्या दशकात शेवटची कुटुंबं बाहेर पडली. पाणी आलं. शेतं बुडाली, रस्ते बुडाले. गाव बुडालं नाही! तीन बाजूंनी पाणी आणि मधे कोरडं ठणठणीत, रिकामं गाव. आज वेशीला उघडण्या-मिटण्याच्या वेळा आहेत, विद्यार्थ्यांच्या तुकड्या येऊन घरांची डागडुजी करतात, काही भिंती छान रंगवल्या आहेत.

तिथले जुने रहिवासी वर्षातून दोनदा जमतात. 15 ऑगस्टला, मेरीच्या सणाला. आणि 1 नोव्हेंबरला, जो त्यांच्याकडे आपल्या सर्वपित्रीसारखा दिवस. कोकणातली बंद घरं गणपतीला उघडतात, तसंच म्हणा ना. फरक इतकाच की मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या खिशात किल्ली असते.

नमस्कार.