बांधावरची आई

मार्गशीर्षातली सकाळ. धुळ्याजवळचं लळिंगचं कुरण. डोंगरावरून ऊन खाली उतरलं, की कुसळी गवतावरचं दव चमकतं आणि धागे दिसू लागतात. काडीकाडीवरून सुटलेले, हवेत आडवे.

जरा वाका. ज्वारीच्या दाण्याहून लहान कोळी काडीच्या टोकाला चढलाय. पुढचा पाय उचलून तो हवा चाचपतो. मग पाय ताणून, पोट आभाळाकडे करून धागा सोडतो... आणि गेला! वारा मंदच लागतो, सेकंदाला साधारण तीन मीटरच्या आतला. चैत्रातली वावटळ याच्या कामाची नाही. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात तर बंद पेटीत, वारा नसताना, नुसत्या विद्युत क्षेत्रानं कोळी उचलले गेले. १८३२ साली डार्विनच्या जहाजावर असे हजारो इवले कोळी उतरले होते. किनारा साठ मैल दूर!

मग शेतांमुळे गवताळ रानाचे तुकडे झाले म्हणून काय बिघडलं? कोळी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडतील की.

गोम इथेच आहे. बेल्जियमच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांवरचं गवत असंच तुटक उरलंय. तिथल्या २९ जातींचे कोळी तपासले, तेव्हा दिसलं, की कुठंही जगणारे सहज उडतात; त्या गवताशिवाय ज्यांचं भागत नाही, ते मात्र उडायला नाखूश. गवताचा तुकडा म्हणजे लहानसं बेट, भोवती परकं रान. उडालेलं पिल्लू बहुधा वायाच जायचं. पिढ्यान्‌पिढ्या उडणारे गळाले, बसून राहणारे उरले.

खान्देशाला समुद्र नाही. तापीकाठी केळी, इकडे कपाशी, मधे उरलंसुरलं गवत: कुरण, गायरान, बांध.

ही लांडगा कोळी. जाळं विणत नाही, धावून शिकार धरते. अंड्यांची पिशवी मागे बांधून हिंडते. पिल्लं निघाली की सगळी पाठीवर. तिला लागते गवताची सलग वाट, म्हणजे बांध. आणि बांध तर आपण कोरतो. भाऊबंदकीत हातभर बांध वितीवर येतो, वर तणनाशक. मोजणीला दोन्ही भाऊ हजर असतात. हिचं नाव सातबाऱ्यावर नाही.

बघा, बांध संपला. पुढे पऱ्हाटी उपटून केलेली नांगरट. ढेकळावर दोन पाय टाकले, थबकली. पाठीवरचं एक पिल्लू घसरलं, पुन्हा चढलं.

वळली. गवतात शिरली.