हात बसवण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

जन्मापासून एक हात अपुरा असलेलं, किंवा कडबाकुट्टीत हात गेलेलं मूल दिसलं की आपल्या तोंडून पटकन निघतं, "अहो, हात बसवून घ्या की!" मीही म्हणायचे.

आमच्या ओळखीतली एक आठ वर्षांची मुलगी. डावा हात कोपराच्या चार बोटं पुढे संपतो. शिबिरात तिला कृत्रिम हात मिळाला, फोटोही निघाले. पंधरा दिवसांनी पाहिलं, तर हात कपाटावर. आई वैतागलेली. पोर मात्र शांतपणे म्हणाली, "मावशी, त्याला काही कळतच नाही." आणि तिनं दुधाच्या पेल्याला हाताचं ते आखूड टोक टेकवलं. "बघ, गरम आहे."

वही दाबून धरायची, डबा काखेत धरून उघडायचा, हे सगळं ती त्याच टोकानं करते. आपण नेमकी तीच जाणती कातडी प्लास्टिकखाली झाकली होती. वर वजन, खांद्यावरचे पट्टे, उन्हाळ्यात आतला घाम. शिवाय मूल वाढतं, तसा तो साचा वर्षा-दीड वर्षात घट्ट होतो.

हे नवं नाही. थॅलिडोमाइड ही 1957 साली जर्मनीत बाजारात आलेली झोपेची गोळी. गरोदर बायकांनी ती मळमळीवरही घेतली आणि हजारो मुलं आखूड हातापायांची जन्मली. मोठ्यांनी हौसेनं त्यांच्यासाठी गॅसवर चालणारे हात बनवले, कार्बन डायऑक्साइडची नळकांडी लावून. मुलांनी ते काढून ठेवले. बरीच मुलं पायाच्या बोटांनी लिहीत होती, जेवत होती. ह्या जड यंत्रानं त्यांची कामं उलट अडायची.

टोरांटोच्या संशोधकांनी 2007 साली आधीच्या पंचवीस वर्षांचे अभ्यास एकत्र पाहिले. पट्ट्यांनी चालणारे हात सरासरी 45 टक्के मुलांनी सोडले होते, विजेवरचे 35 टक्के. मोठ्या माणसांत हेच आकडे 26 आणि 23. याला मुलांचा हट्ट म्हणायचं का? मला नाही वाटत.

रंगाचंही तेच. आपल्याला हात खऱ्यासारखा, लपून जाणारा हवा असतो. ब्रिस्टलच्या एका कंपनीनं 2018 साली आणलेल्या विजेवरच्या हाताला आयर्न मॅनची लाल-सोनेरी कव्हरं मिळतात. बघणारे बघणारच आहेत, तर मग रुबाबात बघू देत की!

शेवटी त्या मुलीला विचारलं, तुला हात कशाला हवाय? उत्तर तयार होतं. "सायकलला." मग कारागिरानं बोटं वगैरे काही केली नाहीत. हँडलवर बसेल अशी एक वाटी, कातडी पट्ट्यावर. पडलीच तर वाटी आपोआप सुटली पाहिजे, एवढ्यासाठी त्यानं ती तीनदा बदलली.

आता ती शाळेत पोचली की वाटी काढून सायकललाच अडकवते, आणि मोकळ्या हातांनी वर्गात जाते.

नमस्कार.