आधी पाण्याचं बघा, मग जेसीबीला फोन करा

नमस्कार मंडळी, काय म्हणताय, बरंय न्हवं? वळीव सुरू झालाय, आणि हे दिवस आले की पुण्या-मुंबईची आपली माणसं गावाकडं येत्यात, आजोबांचं पडीक रान बघत्यात, पडायला आलेला गोठा बघत्यात आणि म्हणत्यात, चला, हे परत उभं करूया. लई चांगली गोष्ट. पण लगेच दारात जेसीबी आणि सिमेंटची पोती, हे काय मला पटत नाही.

कारण रान असू दे नाहीतर गोठा, दोन्हीची वाट लावतंय ते पाणीच. एक कौल सरकतंय, थेंब थेंब पाणी वाशावर पडतंय, वासा कुजला की आढं, म्हणजे छपराचं मधलं आडवं लाकूड, झुकतंय आणि मग पाणी भिंतीत मुरायला लागतंय, आणि गगनबावडा, राधानगरीकडचा पाऊस म्हणजे तर विचारूच नका. म्हणून गोठ्याचं काम वरनं खाली करायचं. आधी शाकारणी. खापरी कौलं उतरवा, फुटकी काढा, चांगली धुवून परत चढवा, भंगार म्हणून फेकू नका, ती घडवणारे हात आता कमी राहिलेत. वासे तपासताना मधे ठोकून काय कळत नाही, भिंतीत टोक शिरतंय तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, कुजायला सुरुवात तिथनंच होती. नुसतं टोक गेलं असंल तर चांगला सुतार जोड देतोय, अख्खा वासा बदलायचं काम नाही. आणि हो, जुन्या दगडांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवा बाबांनो, घोणस असती तिथं.

दगड-मातीच्या भिंतीला मात्र सिमेंटचा गिलावा मारू नका, हात जोडून सांगतो. मातीची भिंत ओल घेती आणि सोडती, वरनं सिमेंट थापलं की ती ओल आत कोंडती, मग गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट खाली येतोय. चुन्याचा करा, नाहीतर भुसा-शेण घालून मातीचाच करा. जोत्याभोवती चर मारून पाणी लांब काढून द्या, हे बिनखर्चाचं काम, आणि लोक नेमकं हेच विसरत्यात.

आता रान. पडीक रानात हरळी माजलेली असतीच, आणि घाई असणारा माणूस त्यात रोटाव्हेटर घालतोय. झालं! हरळीच्या काशीचे, म्हणजे जमिनीतल्या मुळासारख्या खोडाचे, तुकडे होत्यात, आणि डोळा असलेला तुकडा की नवीन हरळी, म्हणजे पैसे देऊन पेरल्यासारखंच की ओ हे. त्यापेक्षा उन्हाळ्यात खोल नांगरट, ढेकळं तापू द्यायची आणि काशा वेचून बाहेर. कंटाळवाणं काम हाय, पण दुसरा सोपा रस्ता मला तरी माहीत नाही. पाऊस लागला की हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, फुलावर यायच्या टायमाला, साधारण 45 ते 50 दिवसांत, तिथंच गाडा. शिरोळकडं क्षारपड रान असंल तर तागापेक्षा धैंचा बरा, तो बी हिरवळीच्या खताचाच, पण खारं सोसतोय, तरी तिथं खरं औषध म्हणजे चर काढून पाण्याचा निचरा, नुसतं खत ओतून काय होत नसतंय.

बांध घालायच्या आधी सातबारा बघा आणि सरकारी मोजणी करून घ्या, भाऊबंदांना बोलावून, चहा पाजून. याच्यावर जास्त बोलत नाही, तुम्हाला सगळं माहीत हाय.

एवढं झालं की पयला पावसाळा नुसता बघायचा. मोठ्या सरीत छत्री घेऊन रानात जायचं, पाणी कुठं तुंबतंय, कुठला बांध फोडतंय, गोठ्यात कुठं गळतंय, मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे. विहिरीचा गाळ उन्हाळ्यातच काढा, आणि जुन्या विहिरीत एकट्यानं कधीच उतरू नका, तळाला हवा खराब असती. म्हैस सगळ्यात शेवटी आणायची. दसऱ्यापर्यंत गोठ्याची जमीन कोरडी राहिली तर खुशाल बाजारला जावा, नाहीतर ओल्या जमिनीवर तिचे खूर आणि सड दोन्ही खराब होतील, आणि दुधाचे पैसे डॉक्टरला जातील.