फाटक उघडल्यानंतरचा खोळंबा

नमस्कार श्रोतेहो.

आज रेल्वे फाटकांविषयी बोलणार आहे. बंद फाटकापाशी ताटकळताना चिडचिड होते, ते खरंच आहे. पण गाडी निघून गेल्यावर, फाटक उघडल्यावर जी कोंडी होते, तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. ती कोंडी मात्र आपणच करतो.

"गाडीचा पत्ता नाही आणि फाटक लावून बसलाय," असं गेटमनला ऐकवणारे बरेच भेटतात. गजबजलेल्या फाटकांवर सहसा फाटक आणि सिग्नल एकमेकांशी जोडलेले असतात. फाटक पूर्ण पडून कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, आणि सिग्नल दिला की मनात आलं म्हणून फाटक उघडता येत नाही. भरधाव एक्सप्रेसला थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. त्यामुळे चालकाला मोकळा सिग्नल बराच आधी दिसावा लागतो. तेवढ्यात उलट दिशेनं दुसरी गाडी आली, तर फाटक तसंच बंद राहतं. यात गेटमनच्या हातात काहीच नसतं.

आता मध्य रेल्वेवरचं दिवा घ्या. ठाण्याच्या पुढचं हे जंक्शन. वसईकडे आणि पनवेलकडे जाणारे मार्ग इथूनच फुटतात, कोकणातल्या गाड्याही इथूनच वळतात. वस्ती रुळांच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. इथल्या फाटकानं किती लोकल रखडवल्या, ते रोजच्या प्रवाशांना विचारा. फाटक उघडलं की रिक्षा, टेम्पो, दुचाक्या एकदम घुसतात. रांग तुटत नाही, म्हणून फाटक पाडता येत नाही. फाटक पडत नाही, म्हणून सिग्नल मिळत नाही. मग लोकल उभी राहते, तिच्या मागची उभी राहते, आणि डब्यात घामाघूम झालेल्या माणसाला आपण कशामुळे थांबलोय हेही कळत नाही.

हे घडतं कसं? रस्ता दोनच पदरी असतो. डावीकडे रांग लागलेली असते. एक दुचाकीस्वार उजवीकडून पुढे जाऊन फाटकाला चाक टेकवतो. त्याच्यामागे दुसरा जातो, मग एखादी मोटार. पलीकडेही हेच चाललेलं असतं. फाटक उघडतं तेव्हा दोन्हीकडची वाहनं समोरासमोर येतात आणि मध्ये, ऐन रुळांवर, अडकून पडतात. मागे रुग्णवाहिका असेल तर तिला वाट कुठून द्यायची? माझी कळकळीची विनंती आहे, उजवी बाजू मोकळी सोडा. एवढं एक पाळलं, तरी रांग भराभर सुटते.

पडत्या फाटकाखालून गाडी काढणं तर फारच घातक. त्यात दांडा मोडला की सिग्नल अडतो आणि दोन्हीकडचे लोक लटकतात. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 160 नुसार बंद फाटक परस्पर उघडलं तर 3 वर्षांपर्यंत आणि तोडलं तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अर्थात कायमचा उपाय पूल हाच. रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या डॉ. अनिल काकोडकर समितीनं 2012 मध्ये सांगितलं होतं की 5 वर्षांत सगळीच फाटकं काढून टाका. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं जानेवारी 2019 पर्यंत संपली, ही फार मोठी गोष्ट झाली. पहाऱ्याची फाटकं मात्र हजारोंनी उरली. 24 तासांत जाणाऱ्या गाड्या आणि वाहनं यांचा गुणाकार एक लाखाच्या वर गेला की ते फाटक पुलासाठी पात्र ठरतं आणि खर्च रेल्वे व राज्य निम्मा-निम्मा उचलतात, असा शिरस्ता आहे. पण रुळांवरचा भाग उभा राहतो आणि दोन्ही बाजूंचे पोच रस्ते जागेअभावी अडतात, असं आपण कितीदा पाहतो!

आणखी एक. पूल झाला की फाटक कायमचं बंद होतं. वाहनांची सोय होते, पण शाळेत चालत जाणाऱ्या मुलांनी आणि भाजीची टोपली घेऊन निघालेल्या बाईनं एवढा लांब पूल चढून जायचं का? भुयारी मार्ग दिला, तर पावसाळ्यात त्यात पाणी तुंबतं. तुमच्या गावात पुलाचा आराखडा आला, तर ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला दोन प्रश्न नक्की विचारा: पायी जाणाऱ्यांसाठी जिना कुठे आहे, आणि भुयारातलं पाणी कोण उपसणार?

नमस्कार.