कोरियन मालिकांची नायिका आणि तिचे काम

नमस्कार, श्रोतेहो.

२०२०च्या टाळेबंदीपासून कोरियन मालिका मराठी घरांत नित्यनेमाने पाहिल्या जाऊ लागल्या आहेत. त्याही आधी 'ज्वेल इन द पॅलेस' ही राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजवैद्यपदापर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रीची कथा दूरदर्शनने हिंदीतून दाखवली होती आणि ती अनेकांच्या स्मरणात असेल. बहुतेक कोरियन मालिका सोळा भागांत संपतात, त्यांचे चित्रण देखणे असते, अभिनय संयत असतो आणि घरातल्या सर्वांनी मिळून पाहाव्यात इतपत त्या सोज्वळही असतात. या गुणांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही अशा पाच-सहा मालिका ओळीने पाहिल्या की नायिका पहिल्याच भागात ओळखीची वाटू लागते. आजचे हे भाषण या ओळखीच्या नायिकेविषयी आणि विशेषतः तिच्या कामाविषयी आहे.

कोरियातील प्रेक्षक आणि समीक्षक या नायिकेला 'कँडी' म्हणतात. हे नाव 'कँडी कँडी' या जपानी कार्टून मालिकेवरून आले. ती १९७० च्या दशकात कोरियन दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि तिच्यातील अनाथ, हसतमुख, कितीही एकटे वाटले तरी न रडणारी मुलगी तिथल्या एका पिढीच्या मनात घर करून राहिली. पुढे कोरियन मालिकांतही तीच मुलगी दिसू लागली. १९९७ साली 'स्टार इन माय हार्ट' या मालिकेत चोई जिन-सिल या अभिनेत्रीने अनाथाश्रमात वाढलेल्या मुलीची भूमिका केली आणि ती मालिका प्रचंड गाजली. त्याच वर्षाच्या अखेरीस कोरिया आर्थिक संकटात सापडला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि अनेक ठिकाणी कपातीची कुऱ्हाड आधी स्त्रियांवर पडली. घर चालवण्यासाठी दिवसभर राबणारी मुलगी आणि बड्या उद्योगघराण्याचा, म्हणजे तिकडच्या भाषेत 'चेबोल' कुटुंबाचा, वारस ही जोडी त्या काळात लोकांना इतकी का भावली, हे समजण्यासारखे आहे. काळ पालटला, जोडी मात्र तशीच राहिली.

२००९ सालची 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' ही मालिका एका जपानी चित्रकथेवर आधारलेली आहे. या मालिकेमुळे कोरियन मालिकांकडे वळलेले प्रेक्षक आपल्याकडेही पुष्कळ आहेत, म्हणून तिच्याकडे जरा बारकाईने पाहू. ग्युम जान-दीच्या वडिलांचे कपडे धुऊन-इस्त्री करून देण्याचे लहानसे दुकान आहे. एका गिऱ्हाइकाचे कपडे पोहोचवायला ती श्रीमंतांच्या शाळेत जाते, गच्चीवरून उडी घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला वाचवते आणि त्यातून तिला त्याच शाळेत शिष्यवृत्ती मिळते. ती उत्तम पोहते, पोहण्यात तिला पुढे जायचे आहे, शिवाय फावल्या वेळात ती पेज विकणाऱ्या खानावळीत कामही करते. म्हणजे सुरुवातीला या मुलीला कष्टाची सवय आहे, अंगी कला आहे आणि उराशी एक स्वप्नही आहे. पुढे नायकाला वाचवताना तिच्या खांद्यावर घाव बसतो आणि स्पर्धेसाठी पोहणे तिला कायमचे सोडावे लागते. मला वाटते, सगळ्या मालिकेतील सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. एका खेळाडूचा खेळ गेला. पण पटकथा या दुःखापाशी फार काळ थांबत नाही, कारण नायकाची आई काय करणार, त्याचे लग्न कुठे ठरणार आणि त्याची स्मृती परत येणार की नाही, हे प्रश्न तिला अधिक मोलाचे वाटतात.

या नायिकेच्या गरिबीला किंवा चांगुलपणाला माझी हरकत नाही. गरीब आणि चांगल्या मुली जगात आहेत आणि त्यांच्या कथा सांगितल्या गेल्याच पाहिजेत. माझी तक्रार अशी, की पहिल्या दोन भागांत तिचे काम तपशिलाने दाखवले जाते आणि तिच्याविषयी आपली सहानुभूती जागी झाली, की ते वाऱ्यावर सोडले जाते. 'द एअर्स' या २०१३ सालच्या मालिकेतील चा उन-सांग ही बोलू न शकणाऱ्या मोलकरणीची मुलगी. सतत कुठे ना कुठे नोकरी करणाऱ्या या मुलीला स्वतःला काय व्हायचे आहे, याची कथेला फारशी फिकीर नाही. 'सीक्रेट गार्डन' या २०१० साली सुरू झालेल्या मालिकेतील गिल रा-इम हिचा धंदा तर विलक्षण आहे. ती चित्रपटांत जिवावर उदार होऊन साहसदृश्ये करणारी स्टंटवुमन आहे आणि तिच्या प्रशिक्षणाची, जखमांची, सहकाऱ्यांशी असलेल्या जिव्हाळ्याची दृश्ये मालिकेतील सर्वोत्तम दृश्ये आहेत. तरीही अखेरीस तिच्या आयुष्याचा धागा नायकाशीच बांधावा लागतो, कारण अग्निशमन दलातील तिचे वडील त्यालाच वाचवताना दगावलेले असतात. तिचा भूतकाळसुद्धा निखळ तिचा उरत नाही.

या साच्याचे सोबती ठरलेलेच आहेत. पैशांचे पाकीट पुढे करून 'माझ्या मुलाला सोड' असे बजावणारी आई, नायकाशी लग्न ठरलेली आणि कपटाखेरीज दुसरे काही न सुचणारी श्रीमंत मुलगी, मनगट धरून नायिकेला ओढत नेणारा नायक. त्यांवर अधिक वेळ घालवण्याची गरज नाही. 'ऑटम इन माय हार्ट' आणि 'स्टेअरवे टू हेवन' यांसारख्या मालिकांनी दुर्धर आजाराने झिजून मरणारी नायिका रूढ केली होती. तो प्रकार आता बराच मागे पडला आहे, हे बरे झाले.

तिची जागा अलीकडे एका नव्या साच्याने घेतली आहे आणि तो अधिक फसवा आहे. ही नायिका श्रीमंत, कर्तबगार आणि फटकळ असते. पण तिच्या कर्तबगारीची किंमत म्हणून पटकथा तिच्या पदरी हटकून एखादी जुनी जखम बांधते. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' मधील युन से-री स्वतःची कंपनी उभी करते, पण तिला झोप लागत नाही, चार घासांपलीकडे जेवण जात नाही आणि लहानपणी सावत्र आई तिला समुद्रकिनारी एकटी सोडून गेलेली असते. 'इट्स ओके टू नॉट बी ओके' मधील लेखिकेच्या मागेही असेच भीषण बालपण आहे. या दोन्ही मालिका मला आवडल्या आणि से-रीच्या बाबतीत तर शेवटी तिची कंपनी तिच्याच हाती राहते, हे आवर्जून सांगायला हवे. परंतु यशस्वी स्त्री आतून मोडलेलीच असली पाहिजे, हा समज दर वर्षी नव्याने आपल्या गळी उतरवला जात असेल, तर त्याकडे डोळेझाक करता येणार नाही.

असे का होते, याचे एक कारण निर्मितीच्या पद्धतीत आहे. दीर्घकाळ कोरियात आठवड्याला तासाहून अधिक लांबीचे दोन भाग प्रसारित होत आणि चित्रीकरण प्रसारणाच्या जेमतेम पुढे चाललेले असे. पटकथेची पाने चित्रीकरणाच्या दिवशी हातात पडत आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे पाहून कथेचे वळण बदलले जाई. अशा घाईत हाताशी असलेला साचाच कामी येतो. येथे हेही लक्षात घ्यावे, की कोरियन मालिकांच्या लेखनात स्त्रियांचे प्राबल्य आहे. त्यामुळे सगळे खापर पुरुषांच्या नजरेवर फोडून मोकळे होता येत नाही. ज्या देशात स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत सुमारे ३० टक्के, म्हणजे विकसित देशांत सर्वाधिक आहे, तेथे आपल्या कामाने वर येणारी नायिका लिहिणे बहुधा अधिक कठीण असते.

पण ते अशक्य नाही, हे २००५ सालच्या 'माय लव्हली साम-सून' या मालिकेने दाखवले. किम साम-सून तिशीच्या उंबरठ्यावर आहे, अंगाने स्थूल आहे, तोंडाने फटकळ आहे आणि पॅरिसला जाऊन केक-पेस्ट्री बनवण्याचे शिक्षण घेऊन आली आहे. नाताळच्या आदल्या दिवशी प्रियकराचा विश्वासघात उघड होतो, तेव्हा ती हॉटेलच्या पुरुषांच्या प्रसाधनगृहात ढसाढसा रडते. घर वाचवण्यासाठी पाच कोटी वॉनच्या बदल्यात मालकाची प्रेयसी असल्याचे नाटक करण्याचा करार करते. म्हणजे येथेही श्रीमंत नायक आणि पैशांची अडचण आहेच. फरक असा, की तिच्या हातातला केक पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत कथेत राहतो, तिच्या कारागिरीला पटकथा मान देते आणि लग्नाच्या मंडपात कथा संपवण्याची घाई करत नाही. ज्या वर्षी ही मालिका आली, त्याच वर्षी कोरियात पुरुषालाच कुटुंबप्रमुख मानणारी 'होजू' नोंदणी पद्धत रद्द करण्याचा निर्णय झाला होता. तो २००८ पासून अमलात आला. 'साम-सून'च्या शेवटच्या भागाची प्रेक्षकसंख्या ५० टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. साचा मोडला तर प्रेक्षक पाठ फिरवतील, ही निर्मात्यांची भीती निदान तेव्हा तरी खोटी ठरली होती.

'सीक्रेट गार्डन' आणि 'द एअर्स' या दोन्ही मालिकांची लेखिका किम उन-सूक हिनेच २०२२ साली 'द ग्लोरी' लिहिली. तिची नायिका मून डोंग-उन शाळेतील छळामुळे शिक्षण सोडते, कारखान्यात राबते, राबता राबता परीक्षा देते आणि शिक्षिका होते. तिच्या सूडाचा सारा बेत या नोकरीवर उभा आहे. ते काम कथेतून काढून घेतले तर मालिकाच उरत नाही. त्यानंतर २०२५ साली आलेल्या 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' मध्ये जेजू बेटावरील ए-सूनला कवयित्री व्हायचे असते आणि संसार, मुले, दारिद्र्य यांत तिची कविता दशकानुदशके मागे पडते. मालिका ही झीज लपवत नाही. प्रेमळ, निष्ठावान नवरा मिळाला म्हणून तिचे स्वप्न पुरे झाले, असेही ती म्हणत नाही. ए-सूनचा कवितासंग्रह छापून येतो, तेव्हा ती म्हातारी झालेली असते.